मुंगी, पाखरू आणि सिनाईची शिडी

सोलापूरहून विजयपूरकडे, म्हणजे जुन्या विजापूरकडे, जाणारी गाडी होटगी सोडते, पुढे भीमा ओलांडते आणि स्टेशनांच्या पाट्यांवरून मराठी हळूच उतरून जाते. डब्यातल्या गप्पांत मात्र मराठी आणि कानडी एकाच ताटात वाढलेल्या असतात. कुणी प्रश्न मराठीत विचारतो, उत्तर कानडीत येतं, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. इंडी रोड मागे पडलं की निंबाळ येतं. छोटं स्टेशन, भोवती ज्वारीची रानं. मुद्दाम उतरावं असं पहिल्या नजरेत काही दिसत नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथं एक किरकोळ अंगकाठीचे, तब्येतीने नाजूक प्राध्यापक मुद्दाम उतरत. रामचंद्र दत्तात्रय रानडे. जन्म १८८६चा, जमखंडीचा. शाळेत असतानाच, १९०१ साली, त्यांनी उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून नाम घेतलं. पुढे पुण्याचं फर्ग्युसन, सांगलीचं विलिंग्डन आणि मग अलाहाबाद विद्यापीठ. तिथं ते तत्त्वज्ञानाचे विभागप्रमुख झाले, कुलगुरूही झाले. पण घर म्हणावं ते निंबाळ. १९५७च्या जूनमध्ये देह ठेवला तोही इथंच. या भागातले लोक त्यांना ‘गुरुदेव’ म्हणतात आणि त्यांच्या साधनेला साधा शब्द वापरतात, ‘नेम’. ‘नेमाला बसलेत’ म्हटलं की बाहेरच्याने आवाज खाली आणायचा.

या माणसाने १९३३ साली एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ काढला, ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’. ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम, रामदास या पाचांना त्यात पाच बिरुदं आहेत. ज्ञानेश्वरांचा गूढवाद बुद्धीचा, नामदेवांचा लोकशाहीचा, एकनाथांचा समन्वयाचा, तुकोबांचा व्यक्तिगत जिव्हाळ्याचा, रामदासांचा कृतीचा. ही वर्गवारी पटो न पटो, ग्रंथातली एक गोष्ट त्या काळी धाडसाची होती. देहूच्या वाण्याशेजारी रानड्यांनी युरोपातले ख्रिस्ती साधू आणून बसवले आणि हे सगळे एकाच घराण्यातले असल्यासारखे त्यांच्याबद्दल लिहिलं.

‘गूढवाद’ हा शब्द जरा फसवा आहे. तो ऐकला की अमावास्या, लिंबू-मिरची असलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. ज्या ग्रीक शब्दावरून ‘मिस्टिक’ आला त्याच्या मुळाशी मिटण्याचा अर्थ आहे. डोळे मिटायचे, तोंड मिटायचं आणि आत काय चाललंय ते बघायचं. पहिल्या सहा-सात शतकांतल्या ख्रिस्ती साधकांनी या आतल्या प्रवासाला जवळपास एकच चित्र दिलं, चढणीचं. जीव खालून वर, देवाकडे चढतो. कुठे डोंगर, कुठे मुक्काम, कुठे पायऱ्या; पण दिशा वरची.

चित्राचं मूळ बायबलच्या पहिल्याच पुस्तकात आहे. घरातून पळालेला याकोब रानात दगड उशाला घेऊन झोपतो आणि पृथ्वीवरून आभाळाला टेकलेली शिडी स्वप्नात बघतो. तिच्यावरून देवदूत चढताहेत, उतरताहेत. त्या स्वप्नात याकोब स्वतः मात्र एकही पायरी चढत नाही. चढायला सुरुवात केली ती पुढच्यांनी.

त्यातली एक होती बाविशीची पर्पेतुआ. आजच्या ट्युनिशियातलं कार्थेज, साल २०३. खात्यापित्या घरची, शिकलेली, अंगावर पीत मूल. ख्रिस्ती झाली म्हणून रोमन सरकारने तिला तुरुंगात टाकलं, आणि तिथं तिने रोजनिशी लिहिली. ती आजही उपलब्ध आहे. इतक्या जुन्या काळातल्या ख्रिस्ती बाईने स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं दुसरं फारसं काही नाही. त्या रोजनिशीत एक स्वप्न आहे. पितळी शिडी आभाळाला टेकलेली, इतकी अरुंद की एका वेळी एकानेच चढावं. दोन्ही कडांना तलवारी, भाले, आकडे, सुरे टांगलेले. नजर जरा इकडेतिकडे झाली की मांस सोलून निघेल. आणि शिडीच्या पायथ्याशी अजगरासारखा अक्राळविक्राळ सर्प. तिचा सोबती सातुरुस आधी चढतो आणि वरून बजावतो, सांभाळून ये, तो चावेल. पर्पेतुआ सरळ त्या सर्पाच्या डोक्यावर पाय देते. तीच तिची पहिली पायरी.

वर पोहोचल्यावर काय? सिंहासन नाही, विजांचा कडकडाट नाही. मोठी बाग आहे आणि पांढऱ्या केसांचा एक उंच मेंढपाळ मेंढ्यांच्या धारा काढत बसलाय. तो मान वर करून म्हणतो, बाळ, आलीस, बरं झालं. आणि दुधाच्या दह्यासारख्या घट्ट गोळ्यातला एक घास तिच्या ओंजळीत ठेवतो. ती खाते. जाग येते तेव्हा तोंडात गोडी रेंगाळत असते. आपण यातून सुटणार नाही, हे तिला त्याच क्षणी कळलं, असं तिने लिहून ठेवलंय. काही दिवसांतच रिंगणात जनावरांपुढे सोडून तिला आणि तिच्या सोबत्यांना मारण्यात आलं. धनगरवाडे पाहिलेल्या, दह्यादुधाच्या या मुलखात ते स्वप्न फार परकं वाटायचं कारण नाही. त्या घासाची आठवण या लेखात आणखी एकदा येईल.

पर्पेतुआने शिडी पाहिली. तिचा नकाशा काढायचं काम इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात झालं. तिथं प्लोटायनस नावाचा तत्त्वज्ञ तयार झाला. तो ख्रिस्ती नव्हता, पण पुढच्या ख्रिस्ती साधकांनी त्याच्याकडून भरपूर उसनवारी केली. सगळं काही एका ‘एका’तून पाझरलं आणि जीवाला त्याच वाटेने माघारी जायचंय, ही त्याची मांडणी. भारतातलं तत्त्वज्ञान शिकायची त्याला इतकी ओढ होती की सम्राट गॉर्डियनच्या फौजेबरोबर तो पूर्वेकडे निघाला. सम्राटच वाटेत मारला गेला आणि प्लोटायनस कसाबसा जीव वाचवून परतला. तो इकडे पोहोचला असता तर, हा विचार मोहाचा आहे; पण इतिहासात ‘तर’ला भाव नाही.

त्याच शहरातला ओरिजेन मात्र पक्का ख्रिस्ती. बाप धर्मासाठी मारला गेलेला, म्हातारपणी स्वतःही तुरुंगात छळ सोसलेला. बायबलच्या ‘गणना’ पुस्तकात एक यादी आहे. इस्राएली लोक इजिप्तच्या गुलामगिरीतून निघून यार्देन नदीपर्यंत आले त्या बेचाळीस मुक्कामांची. वाचणाऱ्याला जांभई यावी अशी. ओरिजेनने त्या बेचाळीस नावांचे अर्थ लावले आणि म्हटलं, हे वाळवंटातले तळ नाहीत, जीवाचे मुक्काम आहेत. इथे मोह सुटतो, इथे कडू पाणी प्यावं लागतं, इथे बारा झरे आणि सत्तर खजुरीची झाडं भेटतात, थोडा दम खायचा आणि उठायचं.

सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आषाढात ज्ञानोबांची पालखी जिल्ह्यात शिरते तेव्हापासून नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी ही नावं वारकऱ्याच्या तोंडात जपासारखी असतात. कुठे रिंगण, कुठे धावा, कुठे नुसताच चिखल. बाहेरच्याला ती गावं. चालणाऱ्याला विठोबा किती जवळ आला याचं माप. ओरिजेनने वाळवंटाची वारी केली, एवढंच म्हणायचं.

मग खरे वाळवंटवाले आले. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात हजारो माणसं झोपड्या बांधून राहायला लागली. खजुरीच्या पानांच्या दोऱ्या वळायच्या, टोपल्या विणायच्या, तोंडाने स्तोत्रं म्हणायची. हात कामात, चित्त देवात. मागावर बसून भजन म्हणणारी माणसं सोलापूरने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत. या वाळवंटवाल्यांत एव्हाग्रियस हा सगळ्यांत लिहिणारा. कॉन्स्टँटिनोपलमध्ये त्याचं मोठं नाव झालं होतं. एका विवाहित बाईच्या प्रेमात पडला, घाबरला, आधी जेरुसलेम आणि मग इजिप्त गाठलं. पोथ्यांच्या नकला करून पोट भरायचा. ३९९ साली तिथंच वारला.

त्याने चढणीचे तीन टप्पे पाडले. आधी आचरण, म्हणजे मनाची झाडलोट. मग सृष्टीकडे निर्मळ नजरेने बघणं. शेवटी देवाचं ज्ञान. पहिल्याच टप्प्यावर आठ शत्रू उभे असतात. खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, क्रोध, कंटाळा, नावलौकिकाची हाव आणि गर्व. पुढे युरोपात यांचीच सात महापापं झाली. आपल्या षड्रिपूंशी ताडून पाहिलं तर काम, क्रोध, लोभ जुळतात, मदही जुळतो. मत्सर त्याच्याकडे नाही. पण आपल्याकडे नसलेला एक त्याच्याकडे आहे आणि तो अफलातून आहे, कंटाळा. त्याला तो दुपारचा सैतान म्हणतो.

त्याचं वर्णन असं. सकाळी दहाच्या सुमारास तो येतो आणि दोनपर्यंत मुक्काम ठोकतो. सूर्य हलतच नाही असं वाटतं. दिवस पन्नास तासांचा होतो. साधू खिडकीतून बघतो, मग बाहेर येऊन सूर्याकडे बघतो, जेवायला अजून किती वेळ आहे. मग आजूबाजूला बघतो, एखादा गुरुबंधू गप्पा मारायला येतोय का. कुणी येत नाही. मग ही झोपडी नकोशी होते, हे काम नकोसं होतं. इथं कुणाला कुणाची पर्वा नाही असं वाटू लागतं. घरची माणसं आठवतात. दुसरीकडे गेलं तर देव काय तिथं भेटणार नाही का? मे महिन्यातली सोलापूरची दुपार ज्याने पत्र्याखाली काढली आहे, त्याला हा सैतान नावानिशी ठाऊक असेल. एव्हाग्रियसचा उपाय एकच होता, जागा सोडू नकोस. हा पळाला तर पुढे फार मोठी शांती आहे.

मौजेचा भाग असा की ओरिजेन आणि एव्हाग्रियस या दोघांच्याही शिकवणुकीवर चर्चनेच पुढे, ५५३च्या सुमारास, ठपका ठेवला. एव्हाग्रियसची काही पुस्तकं दुसऱ्याच साधूच्या नावावर तगली, काही सिरियाक भाषांतरात. शिडी सगळ्यांनी वापरली, सुताराला मात्र गावाबाहेर काढलं.

आतापर्यंतची चढण अंधाराकडून उजेडाकडे जाणारी होती. ती उलटी केली निस्साच्या ग्रेगरीने. हा चौथ्या शतकातला बिशप, आजच्या तुर्कस्तानातल्या कप्पदोकियाचा. त्याने मोशेचं चरित्र लिहिलं. मोशेला देव पहिल्यांदा भेटतो तो जळत्या झुडपात, म्हणजे उजेडात. दुसऱ्यांदा ढगात. तिसऱ्यांदा सिनाई डोंगराच्या माथ्यावर, गर्द काळोखात. जितकं वर, तितकं कमी दिसतं. कारण देव डोळ्यांत मावणारा नाही. तो मावत नाही हे कळणं हेच तिथलं दर्शन. मोशे हट्ट धरतो, मला तुझं रूप दाखव. देव त्याला फक्त पाठ दाखवतो. ग्रेगरी या जागी थांबतो आणि म्हणतो, बरोबरच आहे. पाठ दिसते ती मागून चालणाऱ्याला. समोर येऊन उभा राहील तो विरुद्ध दिशेने चाललेला असणार.

आणि मग त्याचं सगळ्यांत धीट म्हणणं. ही चढण संपतच नाही. देव अनंत, म्हणून ओढही अनंत. माथा गाठला असं ज्याला वाटलं तो घसरला. इथून पुढे जाताना वाचकाने हे ध्यानात ठेवावं. सोलापूरच्या मातीतल्या उत्तरांशी याचाच वाद आहे.

पुढचा टप्पा झटकन सांगण्यासारखा. इसवी सन ५००च्या आसपास सिरियाकडच्या कुणा लेखकाने ‘डायोनिसियस’ या नावाने लिहिलं. प्रेषित पौलाच्या अथेन्समधल्या शिष्याचं हे नाव त्याने पांघरलं आणि जवळपास हजार वर्षं कुणाला पत्ता लागू दिला नाही. शुद्धी, प्रकाश, ऐक्य ही त्रिसूत्री त्याची. मूर्तिकार जसा दगडातून नको तो भाग काढत जातो तसं देवाबद्दलचं एकेक विशेषण काढून टाकत जा, असं त्याने सांगितलं. आपल्याकडे ‘नेति नेति’ हे लहान मुलालाही ऐकून माहीत असतं, त्यामुळे त्याची थोरवी आपल्याला पटकन जाणवत नाही. ख्रिस्ती जगाला मात्र त्याने हादरा दिला.

आणि ऑगस्टीनचा एक प्रसंग. ३८७ साल, रोमजवळचं ओस्तिया बंदर. तो आणि त्याची आई मोनिका खिडकीशी टेकून बोलताहेत. खाली बाग. बोलणं झाडांवरून, समुद्रावरून, ताऱ्यांवरून स्वतःच्या मनापर्यंत आणि मनाच्याही पलीकडे चढत जातं. क्षणभर दोघांचा कशाला तरी स्पर्श होतो, आणि पुन्हा शब्दांत, आवाजात परत येणं. त्यानंतर थोड्याच दिवसांत मोनिका तापाने गेली. एवढ्या सगळ्या चढणींत जोडीने चढलेली ही एकच.

शिडीला शिडी म्हणून पूर्ण रूप दिलं ते सातव्या शतकात, सिनाईच्या पायथ्याच्या मठात. तिथल्या योहान नावाच्या मठाधिपतीने चाळीस वर्षं एकांतात काढली होती. शेजारच्या राइथूच्या मठाधिपतीने त्याच्याकडे लेखी मार्गदर्शन मागितलं, त्यातून ‘दिव्य आरोहणाची शिडी’ हे पुस्तक झालं. ते इतकं गाजलं की लेखकाचं नावच ‘क्लिमाकस’, म्हणजे शिडीवाला, पडलं. येशूच्या बाप्तिस्म्याआधीची वर्षं तीस, म्हणून पायऱ्या तीस. पहिली संसार सोडण्याची. चौदावी चक्क पोटाची. पोट हा किती कांगावखोर धनी आहे यावर योहानने मनापासून लिहिलंय. सत्ताविसावी निःशब्दाची, तिसावी प्रेमाची. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मठांत उपवासकाळात हे पुस्तक आजही वाचलं जातं, आपल्याकडे चातुर्मासात पोथी लावतात तसं.

त्याच मठात बाराव्या शतकातलं एक लहानसं चित्र आहे. सोनेरी पार्श्वभूमी, डावीकडून उजवीकडे वर गेलेली तिरकी शिडी, तिच्यावर रांगेने साधू. वर टोकाला ख्रिस्त. आणि शिडीच्या दोन्ही अंगांना काळे, पंखवाले, किडकिडीत सैतान. कुणी दोरी टाकून ओढतोय, कुणी बाण मारतोय. काही साधू उलटे होऊन खाली पडताहेत. नीट पाहिलं तर कळतं की पडणारे सगळेच खालच्या पायऱ्यांवरचे नाहीत. वरपर्यंत पोहोचलेलेही निसटतात.

निंबाळच्या प्राध्यापकांना नेमकं हेच भावलं असावं, हा निसटण्याचा, होरपळण्याचा भाग. सोळाव्या शतकातला स्पॅनिश साधू योहान ऑफ द क्रॉस या जुन्या परंपरेचा वारस. देव जवळ येण्याआधी जीवावर येणाऱ्या घोर अंधाराला त्याने ‘आत्म्याची काळरात्र’ म्हटलं. रानड्यांनी हा शब्द उचलला आणि तुकोबांच्या अभंगांना लावला. दुष्काळात गेलेली बायको, बुडालेला धंदा, लोकांची निंदा, आणि देव काही केल्या भेटत नाही म्हणून देवालाच घातलेल्या शिव्या. त्यानंतर आलेला आनंदाचा पूर. रानड्यांच्या हाताखाली गाथा एका जीवाचं आत्मचरित्र होऊन जाते.

वाचताना भारावून जायला होतं, पण एक शंका राहतेच. अभंगांवर तारखा नाहीत. आधी रात्र आणि मग पहाट हा क्रम तुकोबांचा की मांडणाऱ्याचा? शिडी मनात धरून गाथा वाचली तर शिडी सापडणारच. शिवाय रानड्यांचं ‘सगळे साधू एकाच घराण्यातले’ हे म्हणणं उदार आहे, पण घराणं एक असलं तरी भाऊबंदकी असतेच. ख्रिस्ती साधक वर कितीही चढला तरी तो निर्माण केलेला आणि देव निर्माता, हे अंतर मिटत नाही. मुळात आपल्या पायांनी चढलो असं तो मानतच नाही. वरून कृपेने शिडी सोडली म्हणून पाय ठेवता आला.

मराठीत संतांचा आणि ख्रिस्ती साधकांचा हे दोन्ही प्रवाह एका माणसाच्या अंगात उतरले ते नारायण वामन टिळकांच्या. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, बायको लक्ष्मीबाईंनी सोसलेलं ‘स्मृतिचित्रे’मधून घराघरांत पोहोचलं, आणि ख्रिस्ताकडे जायचा आपला पूल तुकाराम होता असं ते उघड सांगत. त्यांची भजनं मराठी चर्चमध्ये अजून म्हटली जातात. टाळ-मृदंगाची चाल आणि आत याकोबाच्या देवाची आळवणी.

खरी भाऊबंदकी मात्र रानड्यांच्या स्वतःच्या गुरुघराण्यात झाली. भाऊसाहेब महाराज उमदीकरांची समाधी इंचगेरीला आहे, म्हणून हा इंचगेरी संप्रदाय. त्यांचे गुरू निंबरगीचे महाराज लिंगायत, स्वतः भाऊसाहेब देशस्थ ब्राह्मण, वाचायचा ग्रंथ रामदासांचा दासबोध आणि पदं निम्मी कानडी. सीमाभागात अशी सरमिसळ कुणाला सांगावीही लागत नाही. याच भाऊसाहेबांचा आणखी एक शिष्य म्हणजे सिद्धरामेश्वर महाराज. जन्म १८८८चा, सोलापूर जिल्ह्यातल्या पाथरीचा. विजापुरात एका मारवाड्याकडे हिशेब लिहायचे.

गुरूंनी दिलेली साधना नामाची, तासन्‌तास ध्यानाची. १९१४ साली गुरू गेले. काही वर्षांनी सिद्धरामेश्वरांना प्रश्न पडला की ध्यान हीसुद्धा पायरीच ना, मग तिच्यापुढे काय? संप्रदायात सांगतात की गुरुबंधूंना हे रुचलं नाही. गुरूंनी सांगितलंय तेच करावं, नवा फाटा कशाला? सिद्धरामेश्वर हटले नाहीत. विजापुरातच महिनोन्‌महिने चिंतनाला बसले. आणि मग त्यांनी दोन वाटांची भाषा वापरायला सुरुवात केली. पिपीलिका मार्ग म्हणजे मुंगीची वाट, बुंध्यावरून इंच इंच चढत फळापर्यंत जायचं. विहंगम मार्ग म्हणजे पाखराची वाट, एका भरारीत फळावर. शब्द त्यांचे नव्हेत, वराहोपनिषदातही हा भेद आहे; पण बाजारपेठेतल्या मराठीत तो आणला त्यांनी.

पाखराची वाट म्हटली तरी सिद्धरामेश्वरही मोजतातच. स्थूल देह, सूक्ष्म देह, कारण देह, महाकारण देह. हा मी नव्हे, तोही मी नव्हे, असं करत चारही ओलांडायचे. फरक एवढाच की त्यांच्या हिशेबात वर कुणी चढतच नाही. ज्याला शोधायचं तो शोधणाराच निघतो. हिशेबनिसाने खातं उघडावं, रकमा मांडाव्यात आणि शेवटी सांगावं की कर्ज मुळात काढलंच नव्हतं. ग्रेगरीने हे ऐकलं असतं तर तो नक्की अस्वस्थ झाला असता. त्याची चढण कधी संपत नाही. पाथरीच्या या माणसाची कधी सुरूच होत नाही.

एकाच गुरूचे दोन शिष्य. १९३३ साली एकाचा इंग्रजी ग्रंथ पुण्यात छापून निघाला. त्याच साली मुंबईत दुसऱ्याने मारुती कांबळी नावाच्या विडीवाल्याला अनुग्रह दिला. तेच पुढे निसर्गदत्त महाराज झाले. खेतवाडीच्या माळ्यावर त्यांनी मराठीत केलेली बोलणी मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरने १९७३ साली ‘आय ॲम दॅट’ नावाने इंग्रजीत आणली आणि युरोप-अमेरिकेतली माणसं त्या जिन्याच्या पायऱ्या चढू लागली.

पाथरीच्या महाराजांचं नाव सिद्धराम असावं यात नवल नाही. सोलापुरात दर दुसऱ्या घरात एखादा सिद्धराम, सिद्धाप्पा किंवा सिद्धेश्वर असतोच. सगळे बाराव्या शतकातल्या एकाच माणसाच्या, सिद्धरामाच्या, नावावर. तेव्हा गावाचं नाव सोन्नलिगे होतं. तेराव्या शतकातल्या राघवांक या कानडी कवीने त्याचं चरित्र रचलं, आणि गोष्ट आज आजीच्या तोंडीही आहे. गुरं राखणाऱ्या अबोल पोराकडे एक जंगम येतो, कोवळा हुरडा मागतो, खातो. पोटात आग पडली म्हणतो, दहीभात आण. पोरगं घरी धावतं, दहीभात घेऊन येतं, तोवर जंगम गायब. नाव सांगितलं होतं मल्लय्या. पोर त्या नावाने हाका मारत यात्रेकरूंबरोबर श्रीशैलापर्यंत जातं. देवळातला दगडी मल्लिकार्जुन दाखवतात तर म्हणतं, हा नव्हे माझा मल्लय्या. डोंगरावर रानोमाळ शोधून थकतं आणि कड्यावरून उडी घ्यायला निघतं, तेव्हा मल्लय्या हात धरतो. कार्थेजच्या त्या बाईला चढून गेल्यावर दह्यासारखा घास मिळाला. इथे पोर दह्याचा घास हातात घेऊन देवामागे डोंगर चढलं.

परत येऊन सिद्धरामाने काय केलं? तळं खणायला घेतलं. अडुसष्ट लिंगं बसवली, देवळं बांधली, हजारो हात कामाला लावले. सिद्धरामासारख्या वीरशैव संतांची, म्हणजे शरणांची, चढण सहा पायऱ्यांची, तिला षट्‌स्थल म्हणतात. भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण आणि ऐक्य. सहावीवर चढणारा आणि ज्याच्याकडे चढायचं तो, दोघं वेगळे उरत नाहीत. ख्रिस्ती साधू जिथे बिचकतो तिथे हे सरळ पाऊल टाकतात.

आणि एक दिवस शरणांच्या कल्याणच्या (आजच्या बसवकल्याणच्या) वाटेवरचा शरण अल्लमप्रभू सोन्नलिगेला येऊन धडकतो. ‘शून्यसंपादने’ या कानडी ग्रंथात हा प्रसंग मोठ्या झोकात येतो. तळ्याचं काम जोरात आहे. अल्लम त्या कामकऱ्यांनाच विचारतो, तो वड्डर रामय्या कुठे आहे? आपल्या गुरूला माती खणणारा म्हटल्यावर माणसं खवळतात, हातातले दगड त्याच्यावर भिरकावतात. दगड त्याला लागत नाहीत. सिद्धराम येतो, तोही संतापतो. मग वाद होतो. अल्लमचं म्हणणं, तळी खणून, लिंगं मोजून पुण्य लागेल, देव लागणार नाही. बाहेर किती खणशील? सिद्धराम शेवटी नमतो, अल्लमबरोबर कल्याणला जातो, चन्नबसवण्णांकडून दीक्षा घेतो. मुंगी आणि पाखराचा हा वाद विजापुरात पेटण्याआधी सातशे-आठशे वर्षं सोलापूरच्या तळ्याच्या काठावर असा झडून गेला होता.

कल्याणहून सिद्धराम परत सोन्नलिगेलाच आला. समाधी घेतली ती त्याच तळ्याच्या मधोमध, पाण्याने वेढलेल्या देवळाच्या आवारात. दर संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत सात उंच नंदीध्वज अंगाखांद्यावर तोलत माणसं त्या अडुसष्ट लिंगांच्या वाटेने चालतात. तळ्याच्या घाटाच्या पायऱ्या मात्र खाली, पाण्याकडे उतरतात.